सात मात्रांतला ब्लूज

(बालाघाट येथे वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

पिंक फ्लॉइड या बँडच्या ‘मनी’ या गाण्याची सुरुवात वाद्यांनी होत नाही. नाण्यांचा खणखणाट, कागद टरकन फाटल्याचा आवाज, दुकानातल्या गल्ल्याची घंटी, असे सात आवाज एकामागून एक येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. बँडमधल्या रॉजर वॉटर्सने हे आवाज ध्वनिफितीवर घेतले, फीत सारख्या मापाने कापली आणि तुकडे जोडून त्यांचं कडं केलं. प्रत्येक तुकड्याला एक मात्रा. मग त्यावर बास गिटार येते, तीही सातच्याच हिशेबात. रूपक ताल कानात मुरलेला माणूस मांडीवर बोटं मोजायला लागतो. फक्त खाली-भरी इथे शोधू नये.

हे गाणं १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या तबकडीतलं. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, प्रयोगशील रचनांचा रॉक, म्हटलं की जी नावं आधी घेतली जातात, त्यांत ही तबकडी असतेच. पण सात मात्रांचं हे आवरण बाजूला सारलं, तर खाली सापडतो तो ब्लूज.

ब्लूजची नेहमीची चौकट बारा आवर्तनांची, प्रत्येक आवर्तन चार मात्रांचं. षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभे राहणारे तीन स्वरमेळ तेवढ्यात फिरून येतात. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. मधल्या मोकळ्या जागा वाद्य भरतं. कोमल गांधार आणि कोमल निषाद हे ब्लूजचे हुकमी स्वर. त्यातला गांधार कधी कोमल, कधी शुद्ध, तर बऱ्याचदा दोहोंच्या मधे कुठेतरी रेंगाळणारा. आपल्याकडचा कान याला परका नाही. धानी रागातले पाच स्वर हे ब्लूज गिटारवाल्याच्या बोटांतले पाच स्वर आहेत, आणि जोग रागात दोन्ही गांधार नांदतातच. राग आणि ब्लूज एक नव्हेत. पण मींड ऐकण्याची सवय असलेल्याला गिटारची तार ओढून काढलेला स्वर समजावून सांगावा लागत नाही.

मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून, तुरुंगांच्या मजूरटोळ्यांतून काळ्या श्रमिकांच्या हाका निघाल्या, त्यांतून ब्लूज घडला. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. बालाघाटच्या धानपट्ट्यात आणि बैहरकडच्या बैगा-गोंड वस्त्यांत ज्यांनी ददरिया ऐकला आहे, त्यांना ओळ टाकणं आणि तिला उत्तर येणं म्हणजे काय हे ठाऊकच आहे. गुलामीच्या वारशाने ब्लूजमध्ये जे भरलं, ते मात्र तिकडचं आणि त्यांचं आहे. ते विसरून ब्लूजबद्दल बोलू नये.

पिंक फ्लॉइड हे नावच मुळी दोन ब्लूज गायकांचं आहे: दक्षिण कॅरोलिनाचे पिंक अँडरसन आणि उत्तर कॅरोलिनाचे फ्लॉइड काउन्सिल. बँडमधल्या सिड बॅरेटने ही दोन नावं जोडली. पुढे बॅरेट गेला, गिटारवादक डेव्हिड गिलमोर आला आणि बँडच्या लांबलचक, प्रयोगशील रचनांना ब्लूजमध्ये मुरलेली बोटं मिळाली. ‘मनी’त हे स्वच्छ दिसतं. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटारची पाळी आली की ताल चारावर उतरतो आणि ब्लूजची जुनी चौकट उघडी पडते. गिलमोरच्या तीन फेऱ्यांपैकी मधल्या फेरीत घुमारा काढून टाकला आहे. गिटार अगदी कानाशी, कोरडी वाजते. चार मात्रांत वाजवणं सोपं म्हणून हा बदल, असं गिलमोरने सांगितलेलं आहे. कारण साधं असेल, परिणाम मोठा आहे. पैशाचं यंत्र सातात फिरतं आणि माणूस चारात बोलतो. शब्द परत आले की सातही परततात.

याच्या उलट टोकाचं उदाहरण ऑलमन ब्रदर्स या बँडच्या ‘व्हिपिंग पोस्ट’चं. हे दक्षिणेकडचे अमेरिकन, ब्लूजमध्ये वाढलेले. त्यांना कोणी प्रोग्रेसिव्ह म्हणत नाही. तरी गाण्याचा आरंभ अकरा मात्रांचा आहे: तीन, तीन, तीन आणि दोन. गाणं रचणाऱ्या ग्रेग ऑलमनला हा हिशेब ठाऊकच नव्हता. तिनाचे तीन गट आणि पुढच्या फेरीवर उडी मारायला दोन, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्या दोनांवर ऐकणाऱ्याचं पाऊल चुकतं, आणि छळ सोसणाऱ्या माणसाच्या गाण्यात ते चुकायलाच हवं. १९६९च्या तबकडीवर हे गाणं जेमतेम पाच मिनिटांचं आहे. १९७१च्या फिलमोर ईस्टच्या मैफिलीत ते २२ मिनिटांच्या पुढे जातं.

ब्लूज आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचं हे मीलन सगळीकडे टिकलं नाही. जेथ्रो टल या बँडची १९६८ची पहिली तबकडी ब्लूजने भरलेली होती. गिटारवादक मिक अब्राहम्सला ब्लूजमध्येच राहायचं होतं, त्याच्या जोडीदार इयन अँडरसनला पुढे जायचं होतं. अब्राहम्स बाहेर पडला. १९७२ला याच बँडने दोन्ही बाजूंना एकच सलग रचना असलेली ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढली. तिची कारागिरी थक्क करणारी आहे. तरी मन रमतं ते मधल्या, १९६९च्या ‘स्टँड अप’मध्ये. तिथे ब्लूज अजून घर सोडून गेलेला नाही आणि नवे पाहुणे येऊन बसले आहेत.

१९७२लाच लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत स्टुडिओत होते. ब्लूजवर पोसलेल्या या बँडचं ‘फोर स्टिक्स’ हे गाणं पाच आणि सहा मात्रांत हेलकावे खातं. ते त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन पुन्हा बांधलं. हे ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं.

त्याच सत्तरच्या दशकात मुंबईच्या रंगमंचावर ब्लूज आणि प्रोग्रेसिव्ह रॉकच्या नेमक्या सांध्यावर एक मराठी गायक उभा होता: नंदू भेंडे. रंगकर्मी आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे नाटक घरातलंच. गळा मात्र रॉकचा. अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो ज्यूडास होता. या रॉक ऑपेरात ज्यूडासचं पहिलंच गाणं गिटारच्या ब्लूजी आवर्तनावर उभं आहे. पुढे एक गाणं पाच मात्रांत आहे आणि मंदिराचा प्रसंग सातात. ज्यूडासला किंकाळी फोडायची असते आणि मात्राही चुकवायची नसते. ब्लूज आणि प्रोग्रेसिव्ह रॉक या दोघांचं मागणं एकाच गळ्याने पुरवायचं, ते हे असं.

१९७८ला पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेलं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांनी बसवलं. त्यातली अंकुशची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. नाट्यसंगीताचा बाज, तमाशाचा बाज आणि पाश्चात्त्य ठेका एकाच नाटकात आले. असा ठेका मराठीत गाताना अडचण येते ती ओळीची. इंग्रजी ओळीत शब्दावरच आघात पडतो आणि तो ड्रमशी जुळवता येतो. मराठी ओळ ऱ्हस्व-दीर्घांवर चालते. दीर्घ स्वर ताणला की सुरेल होतो, ठोकला की मोडतो. नंदू भेंडे २०१४ला गेले. त्यांच्याबद्दल बोलताना मुंबईतला रॉकर आणि मराठीतला नट अशा दोन वेगळ्या वह्या घातल्या जातात. मराठीत रॉक करू पाहणाऱ्या गायकाने या दोन्ही वह्या एकत्र वाचाव्यात: ज्यूडास गाऊन आलेला गळा अंकुशच्या मराठी ओळीत आघात कुठे ठेवतो आणि कुठे मुद्दाम सोडून देतो, हे ऐकण्याजोगं आहे.