संत्र्याची बाग, भूगर्भातील पाणी आणि आपण

(सुवर्ण महोत्सवानिमित्त मोर्शी येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



या मंगल प्रसंगी शेतीविषयी बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी न्यासाचा ऋणी आहे. मोर्शीत शेतीचा विचार म्हणजे संत्र्याचा विचार. संत्र्याने मोर्शी-वरूडचे नाव देशभर नेले; त्याच संत्र्यासाठी आपण भूगर्भ उपसला. भूजलाच्या पाहणीत हे दोन्ही तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले. सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा प्रकल्प असूनही अनेकांची गत ‘धरण उशाला, कोरड घशाला’ अशीच झाली.

मोठा बागाईतदार दुसरी विंधनविहीर खोदू शकतो. तीन एकरांचा धनी ती कर्ज काढून खोदतो. ती कोरडी निघाली, तर बाग वाळते आणि कर्ज तेवढे हिरवे राहते. झाड फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात. म्हणून वाळलेली बाग हा केवळ एका हंगामाचा तोटा नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचे दशक जाहीर केले, ते अशाच कुटुंबांसाठी.

उपाय आपल्या आवाक्यातले आहेत. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तरी सुमारे ४,००० लिटर पाणी मिळते. ते शेततळ्यात साठवावे, चरांतून मुरवावे. दुहेरी आळे केल्यास पाणी बाहेरच्या आळ्यात राहते, बुंधा कोरडा राहतो आणि डिंक्याचा धोका घटतो. ठिबक आणि पालापाचोळ्याचे आच्छादन यांनी पाणी वाचते. आंबिया व मृग हे दोन्ही बहार एकाच झाडावर घेण्याचा मोह टाळावा. आपल्याच जिल्ह्यातील बेलोऱ्याचे श्री. सुभाष पाळेकर यांनी शेण, गोमूत्र, गूळ व बेसन यांच्या जीवामृताचा प्रसार केला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकाने आधी चार झाडांवर प्रयोग करावा आणि अनुभवानेच पुढे जावे.

बंधूंनो, आपल्यापैकी अनेकजण व्यापारात आहेत. पाणी गाळून व जपून वापरण्याचा संस्कार आपल्या घरी आहेच. अपरिग्रहाचे तत्त्व आता विंधनविहिरीलाही लावू या. विंधनविहिरीसाठी उसनवार देताना शेततळ्यासाठी आधी द्यावे, आणि फळाचे माप चोख ठेवावे. लहान शेतकरी टिकला, तरच बाजारपेठ टिकेल.