गाणी मैदानात, कान रस्त्यावर

पोलीस भरतीची चाहूल लागली की पिंगळी आणि आसपासच्या गावांतून एकच प्रश्न येतो, 'सर, वॉर्मअप करताना गाणी ऐकली तर चालतात का?'

चालतात. कुस्तीच्या फडात हलगी कडाडली की पैलवानाचं अंग सळसळतं, ते काही उगाच नाही. तालावर पाऊल पडतं, दमल्याची जाणीव जरा उशिरा होते. 1600 मीटरच्या शेवटच्या टप्प्यात मात्र गाण्याचा फारसा उपयोग नाही. तेव्हा छातीचा भाता गाण्यापेक्षा मोठ्यानं बोलतो.

पण हेडफोन मैदानात. डांबरी रस्त्यावर नाही म्हणजे नाही! पहाटेचा अंधार, उसाचे दिवस, मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि ड्रायव्हरनंही टेप फुल्ल सोडलेला. त्याला ऐकू येत नाही, तुम्हालाही नाही. मग हॉर्न वाजवायचा कुणासाठी? यावर उत्तर तयार असतं, 'सर, मी एकाच कानात घालतो.' अरे बाबा, आवाज कुठून येतोय हे कळायला दोन्ही कान लागतात! एका कानानं गाडी आहे एवढं कळेल, उजवीकडून की डावीकडून ते कळणार नाही. पिंगळीला स्टेशन आहे, म्हणून रुळाच्या कडेनं पळायचं तर मनातही आणू नका. रस्त्यानं पळायचंच असेल तर उजव्या कडेनं, समोरची गाडी दिसेल असं पळा. कान मोकळे ठेवून.

इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीनं 1998 मध्ये बर्मिंगहॅमला 2000 मीटरचा इनडोअर विक्रम केला, तेव्हा त्याच्या आवडीचं गाणं लावलं होतं. स्टेडियमच्या भोंग्यावर बरं का, त्याच्या कानात नाही.

आता वॉर्मअप. पहिली पाच मिनिटं संथ गाणं, संथ जॉगिंग. सुरुवातीलाच ढिंगच्यॅक लावलं की स्नायू तापायच्या आत पाय सुटतात, आणि मांडीची मागची शीर भरते. मग गुडघे उचलणं, पाय झुलवणं, शेवटी दोन-तीन छोट्या धावा. मुलींच्या 800 मीटरलाही हेच.

धावण्याच्या स्पर्धेत मोबाईल, रेडिओ जवळ बाळगायला नियमानं बंदी आहे, भरतीतही तुम्हाला गाण्याविनाच पळायचंय. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस तरी गाण्याशिवाय पळून बघा.

आणि घरची मंडळी ऐकत असतील तर त्यांनाही सांगतो. पोरगं पहाटे उंबरठा ओलांडताना मागून एक हाक मारा. वळून बघितलं तर ठीक. नाही बघितलं, तर गेलाच तो कानात घालून. धावत जा आणि काढून घ्या.