हातातले काम आणि पळते मन



चित्ताच्या एकाग्रतेवर मेढ्यात येऊन बोलणे हे जरा धाडसाचेच आहे. सज्जनगड येथून दूर नाही. समर्थांनी दासबोधाच्या अठराव्या दशकातला शेवटचा समास श्रोत्यांच्या अवलक्षणांना दिला आहे. तेव्हा आज आपल्यापैकी कोणाचे मन मध्येच एस. टी. स्टँडवर जाऊन आले, तर मी राग मानणार नाही. माझेही मन तसलेच आहे. एकदा त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून हा विषय घेतला.

उतारे हाताने लिहिण्याचे ते दिवस. मी एका कचेरीत कारकून होतो. नक्कल करीत असता शेजारच्या टेबलावर क्रिकेटच्या गप्पा निघाल्या. मी मान वर केली, दोन वाक्ये बोललो आणि खाली पाहून ४७१ च्या जागी ४१७ लिहिले. उतारा शिवसागराच्या पलीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याचा होता. बामणोलीपर्यंत लाँचने आणि पुढे गाडीने आलेला तो माणूस आठ दिवसांनी पुन्हा त्याच वाटेने आला. त्याने काही न बोलता कागद पुढे ठेवला. माझे अर्धे मिनिट इकडेतिकडे झाले होते. त्याचा सबंध दिवस गेला होता. कामात लक्ष ठेवणे हा सचोटीचाच एक भाग आहे, हे मला त्या दिवशी कळले.

एकाग्रता म्हटली की लोकमान्यांचे नाव निघते. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, पाचएक महिन्यांत, त्यांनी शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. १९१५ साली ते छापून निघाले. अर्थात त्यामागचा विचार पुष्कळ वर्षांचा होता. यावर कोणी दुकानदार म्हणेल, “तुरुंगात दार वाजवायला कोण येणार? माझ्याकडे दर दोन मिनिटांनी गिऱ्हाईक येते!” आक्षेप रास्त आहे.

म्हणून दुसरे उदाहरण घेऊ. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे मुंबईच्या हायकोर्टातले वकील. अशील आणि कज्जे पाठीशी लागलेलेच. तरी त्यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’चा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा १९६२ साली पुरा झाला. पाने साडेसहा हजारांच्या घरात! तेव्हा त्यांचे वय ८२ होते. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. बत्तीस वर्षे कोणालाच निवांत मिळत नाहीत. सुटलेला धागा जेथे सुटला तेथेच पुन्हा धरणे, एवढेच माणसाच्या हाती असते.

आता आपण म्हणतो, “एकच मिनिट मोबाईल पाहिला, त्यात काय बिघडले?” सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविले की, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले तर मनाचा काही अंश पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरे काम उणे होते. चुलीवर दूध ठेवून हिशेब लिहिणाऱ्या गृहिणीला हे प्रयोगावाचूनही ठाऊक आहे. २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी उपायाची वाट दाखविली. राहिलेले काम केव्हा आणि कसे करायचे हे नक्की ठरविले, की त्याची टोचणी कमी होते.

हे प्रयोग मला फार उशिरा कळले. पण त्या शेतकऱ्याने मला तीन गोष्टी आधीच शिकविल्या होत्या. कोणी हाक मारली, तर आधी चालू ओळीखाली पट्टी ठेवायची आणि मगच मान वर करायची. मध्येच दुसरे काम आठवले, तर ते वहीच्या मागच्या पानावर वेळेसकट टिपायचे. आणि आकडा लिहून झाला की तो मूळ कागदाशी उलट्या बाजूने ताडून पाहायचा. आजच्या कारकुनाने यात चौथी गोष्ट घालावी: मोबाईल खिशात न ठेवता कपाटात ठेवावा. माझे मन पळायचे काही थांबले नाही, पण परत कोठे यायचे ते त्याला कळू लागले.

शेवटी एक विनंती खिडकीबाहेर उभ्या राहणाऱ्यांना. आपणही हाक मारण्यापूर्वी लिहिणाऱ्याला ओळ पुरी करू द्यावी. कदाचित ती ओळ लाँचने आलेल्या कोणा म्हाताऱ्याची असेल.