सरड्याची बोटे



कामगारांच्या सभांत बोलण्यात माझा जन्म गेला; त्यामुळे आजचा विषय पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. माझे शिक्षण शाळेपेक्षा सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. तेव्हा प्राणिशास्त्रावर अधिकाराने बोलणारा मी नव्हे. एका सरड्याने मला नीट पाहायला शिकवले, तेवढेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. तेथे पवनचक्क्या आहेत. त्यांवरच्या पहारेकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायची होती. बोलणे चालले असता समोरच्या दगडावर एक सरडा चढला आणि त्याने गळ्याखालचा पंखा उघडला. निळा, काळा, नारिंगी! मी म्हणालो, "कुंपणावरचाच सरडा हा. उन्हाने रंग बदललाय." एक म्हातारा पहारेकरी हसला. "भाऊ, कुंपणावरचा निराळा. ह्याचं पाय बघा की."

घरी येऊन मी पुस्तके चाळली. म्हाताऱ्याचे खरे होते. कुंपणावरच्या सरड्याच्या मागच्या पायाला पाच बोटे असतात. ह्याच्या मागच्या पायाला चारच. शिवाय कुंपणावरच्याच्या मानेपासून पाठीवर काट्यांची ठळक रांग असते आणि कानाच्या वर दोन बारीक काटे असतात.

तेव्हा ओळखीचा क्रम मी असा ठेवतो. आधी डोळा पाहावा: आपल्या घरातल्या पालीला मिटणारी पापणी नसते, सरड्याला असते. मग अंग पाहावे: गुळगुळीत, चकाकते खवले असले तर ती सापसुरळी. मग मागच्या पायाची बोटे मोजावीत. पंखा सर्वांत शेवटी. कारण पंख्याचा रंग नराचा, तोही विणीच्या दिवसांत. मादीजवळ हा थाट नाही, आणि नरानेही पंखा मिटला की तो मातीत मिसळून जातो. जो केवळ रंग पाहतो, तो निम्म्याहून अधिक सरडे ओळखायचे चुकतो.

ही चूक माझ्यासारख्या अडाण्याचीच होती असे नाही. कुव्हिए या फ्रेंच पंडिताने 1829 साली पाँडिचेरीवरून एका पंखेवाल्या सरड्याला नाव दिले. जर्डन याने 1870 साली दख्खनच्या सरड्याला वेगळे नाव दिले खरे, पण पुढे तोही त्या जुन्याच नावात जमा झाला. अखेर 2016 साली दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराची मापे व आनुवंशिक पुरावा तपासून निराळी प्रजाती मांडली. तिचे नाव त्यांनी आपल्या मराठीतूनच घेतले: 'सरडा'. चाळकेवाडीचा आमचा पाहुणा तिच्यातलाच एक, 'सरडा सुपर्बा'. त्याचा पंखा मोठा, पोटाकडे दूरवर गेलेला असतो.

माझ्या धंद्यात हा प्रकार मला नवा नाही. एका कारखान्यात यंत्र चालवणारा, जोडकाम करणारा आणि झाडू मारणारा, सगळे हजेरीपटावर 'मदतनीस' म्हणून लागलेले मी पाहिले आहेत. पगार मागायला गेले की साहेब तोच पट पुढे करीत.

त्याच पठारावरची आणखी एक गोष्ट 2018 साली मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आली. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले. भक्षक घटले म्हणून सरड्यांची संख्या वाढली. परंतु ते सरडे अंगाने रोड आणि त्यांचे रंग फिकट होते. संख्या वाढली म्हणजे सुखच वाढले, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पवनचक्की मोडा असे मी म्हणत नाही. तीवर माझ्या माणसांची पोटे आहेत. पण कागदावर 'पडीक' लिहिलेल्या जागेत कोण राहतो, याची नोंद आधी व्हावी, एवढी मागणी आहे.

लहानपणी सरड्याला दगड मारण्यात मीही पुढे होतो. आज त्याची लाज वाटते. हे त्याच्या पंख्याचे दिवस आहेत. मुलांना घेऊन पठारावर जा, त्याला पकडू नका. दुर्बिणीतून किंवा छायाचित्रातही बोटे मोजता येतात. मुले चार म्हणाली, तर सरड्याचे नाव त्यांना मराठीतच सांगा.