समाजशास्त्राचा तास कोणाला नको आहे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय, अमेरिकेतल्या विद्यापीठांत अमेरिकन समाज कसा शिकवतात. मघाशी चहाच्या वेळी एकीनं विचारलंच, “पोटगी, रेशन सोडून हे कशाला गं?” प्रश्न रास्त आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा त्यांनाही कोणी असंच विचारलं असेल.

माझं कारण साधं आहे. मी एम.एस.डब्ल्यू. केलं ते बरंचसं अमेरिकन पुस्तकांवर. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं विद्यालय निघालं, त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी होते. तेव्हापासून शिकवण्याची घडी तिकडचीच. मेरी रिचमंड यांच्या १९१७ सालच्या पुस्तकातली ‘केस’ माझ्या वहीपर्यंत आली. शिकत असताना, मार खाऊन आलेल्या एका बाईची केस मी लिहिली. तिचं बालपण, स्वभाव, नवऱ्याशी जुळवून घेण्याची तयारी, सगळं लिहिलं. जातीला रकाना होता; पण तिच्या जातीमुळे पोलीस तक्रार घेतात की नाही, हे विचारायला नव्हता. मला गुण चांगले मिळाले. बाई त्याच घरी परत गेली.

असे रकाने तिथल्या विद्यार्थ्यांनाही टोचत होते. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये नोव्हेंबर १९६८ मध्ये काळे, मेक्सिकन, आशियाई आणि मूळ अमेरिकन विद्यार्थी संपावर गेले. आमचा समाज अभ्यासक्रमात कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. आवारात पोलीस शिरले, शेकडोंना अटक झाली, संप मार्चपर्यंत चालला. त्यातून १९६९ मध्ये वांशिक समूहांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. पुढच्याच वर्षी सॅन दिएगो स्टेटमध्ये स्त्री अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे हे विषय कुणी आपणहून दिलेले नाहीत, भांडून मिळवलेले आहेत.

पण इथेही गोची होतीच. स्त्रियांच्या वर्गात ‘स्त्री’ म्हणजे गोरी, काळ्यांच्या वर्गात ‘काळा’ म्हणजे पुरुष. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेनं १९८९ साली हे एका खटल्यावरून दाखवलं. पाच काळ्या स्त्रियांनी जनरल मोटर्सवर दावा लावला होता. कंपनीनं १९६४ पूर्वी काळ्या बायका घेतल्याच नव्हत्या. पुढे मंदी आली तेव्हा शेवटी लागलेल्यांना आधी काढायचं ठरलं, आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बायका घरी बसल्या. १९७६ साली कोर्ट म्हणालं, कंपनीनं बायका घेतल्या होत्या की! त्या होत्या गोऱ्या. मग वंशभेदाचं काय? तर त्यासाठी कंपनीविरुद्ध दुसरा दावा चालू आहे, त्यात सामील व्हा. दोन्ही अन्याय एकत्र मांडायला कायद्यात जागा नाही, असं सांगून बोळवण केली.

हे वाचताना मला खैरलांजी आठवली. २००६ सालचं ते हत्याकांड. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं खुनाची शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही आणि विनयभंगही मानला नाही. जातही नाही, बाईपणही नाही. मग सुरेखा आणि प्रियांका कोण म्हणून मारल्या गेल्या?

क्रेनशॉंचा हा लेख आज तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना वाचायला लावतात. आणि नेमके हेच वर्ग आता नको झालेत. फ्लोरिडात ऑगस्ट २०२३ मध्ये न्यू कॉलेजच्या विश्वस्तांनी लिंगभाव अभ्यास मोडीत काढायचं ठरवलं. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारी विद्यापीठांच्या नियामक मंडळानं समाजशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम सर्वांसाठीच्या पायाभूत विषयांच्या यादीतून काढला; त्या जागी १८७७ पर्यंतचा अमेरिकन इतिहास आला. लक्षात घ्या, समाजशास्त्रावर बंदी घातली नाही. घ्यायचा त्यानं घ्यावा! पण पदवीच्या त्या अटीत विषय धरला जात नसेल, तर नोकरी करून शिकणारी मुलगी तो कशाला घेईल? मुलं कमी, मग तुकड्या कमी, मग तासिका तत्त्वावरच्या बाईंची गच्छंती. गाजावाजा न करता वर्ग रिकामा करायची ही रीत आपल्या ओळखीची आहे. २०१७ साली आपल्याकडच्या स्त्री अभ्यास केंद्रांचा निधी थांबणार म्हणून किती धावाधाव झाली होती!

तिथल्या अभ्यासावर माझा राग नाही असं नाही. भाषा इतकी जड की ज्यांच्यावर लिहिलंय त्या बायकांना ती वाचता येऊ नये. क्रेनशॉंच्या शब्दाला आपण मराठीत तीन-तीन प्रतिशब्द काढलेत. वस्तीत एकही चालत नाही. “आमच्यावर दोन्हीकडून येतं,” असं परवा एक बाई म्हणाली. मला तेवढं पुरलं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपापल्या सल्ला केंद्रातला केस नोंदवायचा फॉर्म आणा. कोरा नको, भरलेला आणा, नाव-पत्ता खोडून. त्यात कुठले रकाने आपण रिकामे ठेवतो, ते आधी बघू.