माणूस मुळात कसा?

राजकारणावर वाद सुरू झाला की आपण समोरच्याचा पक्ष विचारतो. मला मात्र वेगळंच विचारावंसं वाटतं. हा गृहस्थ माणसाला काय समजतो? माणूस मुळात समजूतदार आहे, परिस्थितीनं त्याला बिघडवलं, असं मानणारा एकीकडे झुकतो. माणूस मुळात हेकट, लोभी आणि चटकन भडकणारा आहे, रूढी-धर्म-कुटुंब यांनी त्याला कसंबसं आवरून धरलं आहे, असं मानणारा दुसरीकडे. पहिल्याला आपण उदारमतवादी म्हणतो, दुसऱ्याला परंपरावादी.

हा वाद खरा रंगला तो फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, इंग्लंडमध्ये. १७९० साली एडमंड बर्क यानं क्रांतीवर टीका करणारं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की एकट्या माणसाच्या अकलेचं भांडवल तुटपुंजं असतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव मात्र रूढींत आणि संस्थांत साठलेला असतो. घराची डागडुजी जरूर करा, पण पायाच उखडायला निघालात तर वासे कुणाच्या डोक्यात पडतील ते आधी पाहा. त्याला १७९१ साली ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहून उत्तर दिलं टॉमस पेन यानं. पेन हा बायकांच्या कंचुक्या शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. मेलेल्यांनी जिवंतांवर हुकूम का चालवावा, हा त्याचा सवाल. पुढल्या वर्षी दुसऱ्या भागात त्यानं चक्क हिशेब मांडला. पन्नाशी गाठलेल्या गरिबाला सरकारनं वर्षाला ६ पौंड द्यावेत, साठीनंतर १०. (माझं वय पाहता मी सहा पौंडांच्या रांगेत असतो.)

बर्कला खलनायक ठरवून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध ज्याच्या कारकिर्दीत झालं, त्या वॉरन हेस्टिंग्जला पार्लमेंटपुढे खेचणारा हाच बर्क. पूर्वेकडे मनमानी कारभाराचीच रीत आहे, असा बचाव हेस्टिंग्जच्या बाजूनं होत होता. १७८८ साली बर्कनं तो फेटाळला. मुसलमानी कायदासुद्धा बादशहापासून रयतेपर्यंत सगळ्यांना बांधतो, हे त्यानं इंग्रज उमरावांना ऐकवलं. सात वर्षांनी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, ही गोष्ट वेगळी. पण आपल्या परंपरेवर प्रेम करणाऱ्याला दुसऱ्याच्या परंपरेची बूज राखता आली. आजच्या परंपरावाद्यांत मला हा गुण फारसा आढळत नाही.

आणि पेन? माणसाच्या विवेकावर भरवसा ठेवणारा हा गडी फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेत निवडून गेला. राजाचा शिरच्छेद करू नका, असं तिथे म्हणाला, आणि १७९३ च्या डिसेंबरात त्याच क्रांतीनं त्याला तुरुंगात टाकलं.

पेनचं पुस्तक पुढे पुण्यात पोचलं. जोतीराव फुल्यांनी ते तरुणपणी वाचलं. इथे बर्कचा सिद्धांत लंगडा पडतो, असं मला वाटतं. पिढ्यांचं शहाणपण रूढीत साठतं, हे पाणवठ्यावर हक्क असणाऱ्यानं म्हणणं सोपं आहे. ज्याला पाण्याला शिवू दिलं जात नव्हतं, त्याच्या पदरात त्या साठ्यातलं काय पडलं? जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. रूढी मोडताना ते समाजाच्या तयारीची वाट पाहत बसले नाहीत.

१८७३ च्या सत्यशोधक समाजाचा तो शब्द हमीद दलवाईंनी १९७० साली उचलला आणि मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्याआधी १९६६ च्या एप्रिलात त्यांनी मुंबईच्या विधिमंडळावर मोर्चा नेला होता. मोर्चात बायका किती? सात. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. तेव्हा उत्तर मिळे, समाज अजून तयार नाही. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो. यातला ‘समाज’ म्हणजे कोण? तलाक देणारा तयार नव्हता, हे कबूल. पोरांना घेऊन माहेरच्या ओट्यावर येऊन बसलेलीला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. मला समाधान वाटलं. २०१९ च्या कायद्यानं त्यावर तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली. एकीकडे हा कायदा बाईला नवऱ्याकडून निर्वाहभत्ता देऊ करतो आणि दुसरीकडे त्याच नवऱ्याला गजाआड पाठवतो. माणूस वठणीवर येतो तो धाकानंच, असं मानणाऱ्यांनी हे कलम लिहिलं असावं. दलवाई वस्तीवस्तीत जाऊन माणसांशी वाद घालत, शिव्या खात, पुन्हा जात. कोठडीतल्या नवऱ्यानं महिन्याच्या खर्चाचे पैसे पाठवायचे कुठून, एवढं तरी त्या बाईला विचारून ठरवता आलं असतं.