उदबत्तीचे घड्याळ
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वंदनेच्या वेळी आपण मेणबत्ती लावतो, फुलं वाहतो, उदबत्ती लावतो. आपल्यातले काही शिकलेले तरुण विचारतात, हे कर्मकांड नाही का? प्रश्न योग्य आहे, विचारलाच पाहिजे. पण चीन-जपानच्या बौद्ध विहारांत हीच उदबत्ती शेकडो वर्षे घड्याळ म्हणून वापरली गेली, हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून तिच्याविषयी बोलतो.

विहाराला घड्याळ लागतंच कशाला? आपण पौर्णिमेला अष्टशील घेतो, दुपारी बारानंतर जेवत नाही. भिक्खूंना हा नियम रोजचा. मग मध्यान्ह टळली की नाही हे नेमकं कळायला नको? सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्खू नालंदेला राहून गेला. भारतातल्या मोठ्या विहारांतलं पाण्याचं घड्याळ त्याने वर्णन करून ठेवलं आहे. तळाला भोक असलेलं तांब्याचं पात्र पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की ढोल वाजवायचा. पूर्वी लग्नात घटिकापात्र ठेवत, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल.

पण या घड्याळाला पाणी लागतं! चीनमध्ये १०७३ साली दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, तेव्हा वेळ मोजण्यासाठी शंभर भागांचा धुपाचा साचा तयार झाला. धुपावर वेळ ओळखणं त्याच्या आधीपासून होतं, सहाव्या शतकातल्या चिनी कवितेत त्याचा उल्लेख आहे. काही अभ्यासक याचं मूळ भारतात मानतात. मला तो पुरावा अपुरा वाटतो. उगीच सगळं आपलंच म्हणण्यात अर्थ नाही. शंभर भाग अशासाठी की चिनी लोक दिवस-रात्र मिळून शंभर भाग करीत. एक भाग म्हणजे आपली १४ मिनिटं आणि वर थोडी सेकंदं.

आता हे चाले कसं, ते ऐका. धातूच्या थाळीत बारीक चाळलेली राख घालून दाबून सपाट करायची. तिच्यावर नागमोडी खाच कापलेला साचा ठेवायचा. खाचेत धुपाची पूड भरायची आणि साचा अलगद उचलायचा. राखेवर पुडीची एकच अखंड रेघ उरते, वळणं घेत घेत, म्हणजे लहानशा थाळीत लांबलचक वाट मावते. एका टोकाला विस्तव लावला की ज्योत न होता ती धुमसत पुढे सरकते. कुठवर आली यावरून वेळ कळते. पूड कोरडी हवी, सारखी दळलेली हवी, सारखी भरलेली हवी आणि वारा नको. एवढं सांभाळलं की ती दगा देत नाही. हिवाळ्यात रात्र मोठी, म्हणून ऋतूप्रमाणे रेघेची लांबी बदलत. ऊन नको, पाणी नको, आवाज नाही. मात्र रोज राख चाळणारा एक माणूस हवा.

पुढे चिनी कारागिरांनी ड्रॅगनच्या आकाराची होडी केली. होडीत आडव्या तारांवर उदबत्ती निजवायची. तिच्यावरून दोरे टाकायचे, दोऱ्यांच्या दोन्ही टोकांना धातूच्या गोळ्या. विस्तव दोऱ्यापाशी आला की दोरा जळतो आणि गोळ्या खालच्या ताटलीत खणकन पडतात. गजरच म्हणा की! मागालयाइश या पोर्तुगीज धर्मगुरूचं पुस्तक १६८८ साली पॅरिसला छापलं गेलं. त्यात टांगलेल्या वेटोळ्यांचं वर्णन आहे, दिसायला आपल्या डासांच्या कॉइलसारखी. पहाटे उठायचं असेल त्या जागी वजन अडकवायचं. ते खालच्या भांड्यात पडलं की झोप उडालीच पाहिजे. जपानात तर गेशांच्या बैठकीचे पैसेही किती उदबत्त्या जळल्या यावर मोजत.

झेन विहारांत एका ध्यानबैठकीला ‘एक उदबत्ती’ म्हणतात, साधारण ४० मिनिटं. एकजण तिच्याकडे लक्ष ठेवतो, संपली की घंटा देतो. बाकीच्यांनी वेळेची काळजी करायची नाही, डोळे किलकिले करून बघायचं नाही. इथे उदबत्ती कुणाकडे काही मागत नाही, कुणाला प्रसन्न करत नाही. सगळ्यांचं काम ती एकटी करते. कर्मकांडाचा प्रश्न विचारणाऱ्या तरुणांनी हेही लक्षात घ्यावं. नारा शहरातल्या तोदाइजी विहारात दरवर्षी होणारा एक विधी ७५२ सालापासून चालत आला आहे. त्यात वेळ मोजायला धुपाची थाळी वापरतात.

समितीला एक सूचना आहे. वर्षावासात रविवारच्या बालवर्गात हे करून पाहावं. एकाच पुड्यातल्या पाच उदबत्त्या घ्या, दर सेंटिमीटरला खडूची खूण करा, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा. एकदा पंखा बंद ठेवून, एकदा लावून. आकडे मुलांनीच फळ्यावर लिहावेत. उदबत्तीचा पुडा मी आणतो.

जयभीम!